फळ्यावर न आलेली बातमी

मी एक जुना फळा आहे. चाकणहून तळेगावकडे जाताना चार मैलांवर कातळवाडी लागते. तिथे चावडीसमोर मी दोन लाकडी खांबांवर उभा आहे. माझ्यावर रोज सकाळी खडूने बातम्या लिहितात. मित्रांनो, ज्या दिवशी मंजुळाबाई गेल्याचे गावाला कळले, त्या दिवसापासून सांगतो. त्याच्या आधीच्या सगळ्याचा अर्थ मला त्या दिवसानंतरच समजला.

पौष महिना होता. ऊन चावडीच्या पायरीवर आले तरी मला पुसायला कोणी आले नव्हते. माझ्यावर आदल्या दिवसाची तारीख तशीच होती. चिमाजी नावाचे एक म्हातारे शेतकरी रोज सगळ्यांच्या आधी येत. त्यांना वाचता येत नसे. दुसरा कोणी वाचून दाखवीपर्यंत ते तंबाखू मळत बसत. त्या दिवशी बांगडीवाल्या रहमतबी टोपली घेऊन आपल्या घराच्या दाराबाहेर उभ्या होत्या, त्यांना ते म्हणाले,

"फळा कालचाच दिसतुय. ज्योतीराम चाकणवरनं आला न्हाई व्हय?"

"आला असता तर पुसला असता की. कादर बी आला न्हाई अजून."

कादर हा रहमतबींचा मुलगा. आदल्या दुपारी त्याच्याच बैलगाडीतून ज्योतीरामने बायकोला, मंजुळाबाईंना, चाकणच्या डॉक्टरकडे नेले होते. दोघे रस्त्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने गाडी वळणावर दिसली. जाताना ज्योतीराम गाडीत बसला होता. मंजुळाबाईंचे डोके त्याच्या मांडीवर होते. येताना तो गाडीत नव्हता. गाडीच्या मागून चालत येत होता.

रहमतबींनी टोपली खाली ठेवली. चिमाजींनी मळलेला तंबाखू झटकून टाकला. गावाला कळले ते असे.

आता माझे सांगतो. रंगराव सुतारांनी मला जुन्या शाळेच्या दारापासून बनवले. दाराच्या चार फळ्या जोडल्या, रंध्याने घासल्या, मागून दोन पट्ट्या ठोकल्या. स्वातंत्र्य मिळून तीनेक वर्षे झाली होती. गावात पंचायत आली होती आणि पंचायतीला फळा हवा होता. कोळशाची वस्त्रगाळ पूड खळीत कालवून मला काळा रंग दिला. ते काम मंजुळाबाईंनी केले. पुढेही दर दिवाळीच्या आधी मला काळा करण्याचे काम त्यांच्याकडेच राहिले. ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ज्योतीराम हा गावचा शिंपी. तो चौथीपर्यंत शिकलेला होता आणि त्याचे अक्षर चांगले होते. कापडावर खुणा करायला खडू त्याच्याकडे असायचाच. त्यामुळे बातम्या लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. पुण्याचे वर्तमानपत्र एस.टी.ने चाकणला येई आणि तिथून कोणाच्या तरी हाती दुसऱ्या दिवशी गावात पोचे. त्यातले दोन-तीन ठळक मथळे तो वर लिही. खाली गावचे लिही. कोणाची म्हैस चुकली, देवी टोचणारे कधी येणार, चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव काय. कोणी वारले तर त्याचे नाव लिही.

सकाळी आधी मंजुळाबाई ओले फडके घेऊन येत. त्या मला पुसत, मग ज्योतीराम लिही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण रोज पुसून पुसून काही अक्षरे त्यांच्या ओळखीची झाली होती. 'चाकण' आणि 'पाणी' हे दोन शब्द त्या लांबूनही ओळखत.

"वरचं तुमी शिळं लिवता," चिमाजी ज्योतीरामला म्हणत. "पुण्याची बातमी हितं येस्तवर तिला बुरशी लागती. आपलं लिवा की."

"आपलं काय लिवायचं, तात्या? तुमची म्हैस परवाच घावली."

"मग घावली म्हनून लिवा. ती बी बातमीच हाय."

लोक हसत. मलाही ते दिवस चांगले वाटत. माझ्यासमोर पाच माणसे उभी असली की गाव जागे आहे असे वाटे.

गावाला माझा आणखी एक उपयोग होता. पंचायतीला काही विचारायचे असले की ज्योतीराम माझ्यावर प्रश्न लिही आणि मधे रेघ मारून दोन भाग करी. दर घरामागे एक रेघ. घरच्या कर्त्या माणसाने यायचे आणि ज्या बाजूला मत असेल त्या बाजूला खडूने उभी रेघ ओढायची. पहिली रेघ सरपंच उद्धवराव ओढत. तिला मानाची रेघ म्हणत. मानाची रेघ एका बाजूला पडली की दुसऱ्या बाजूला कोणी रेघ ओढत नसे. ज्याला पटत नसे तो त्या दिवशी शेतावर निघून जाई. जत्रेचा तमाशा कोणता आणायचा, विहिरीचा गाळ कधी काढायचा, असले प्रश्न असत. त्यात कोणाचे काही बिघडत नव्हते. आमच्या गावात दुसऱ्या बाजूला रेघ पडत नाही, असे लोक बाहेरगावी अभिमानाने सांगत. मीही त्याला चांगलेच समजत होतो.

गावाच्या मागे डोंगरात एक लेणे आहे. तीन खोल्या आणि एक पाण्याचे टाके. गुराख्यांखेरीज तिकडे कोणी जात नसे. पुढे पुण्याहून लोक रविवारी ते पाहायला येऊ लागले. पँट घातलेले प्राध्यापक, फिरायला निघालेली कुटुंबे, डबे घेऊन. ज्योतीरामला त्याचे फार अप्रूप वाटले. दर सोमवारी तो माझ्यावर मोठ्या अक्षरात लिहू लागला. 'काल लेणे पाहण्यास पुण्याचे चौदा पाहुणे आले.' पुढच्या सोमवारी एकोणीस. पाहुणे काय म्हणाले तेही लिही. 'बसायला सावली नाही, अशी पाहुण्यांची तक्रार.' लोक उभे राहून वाचत. वरच्या मथळ्यांपेक्षा त्यांना हेच आवडू लागले. आपले गाव कोणी तरी बघायला येते, हे त्यांना नवीन होते.

त्याच पावसाळ्यात गावातल्या कौशल्याबाईंची सून चाकणला नेताना गाडीतच बाळंत झाली. रस्त्यावर चिखल होता, चाक रुतले होते. बाळ गेले. सून वाचली. ती सकाळ मला आठवते. मंजुळाबाई पुसता पुसता थांबल्या आणि ज्योतीरामला म्हणाल्या,

"अवं, ह्ये लिवा."

"काय?"

"कौशल्याबाईच्या सुनंचं. चाकण किती लांब पडतं त्ये लिवा."

"बायकांचं बाळंतपण फळ्यावर लिवायचं? लोकं काय म्हनतील?"

"म्हशीचं लिवता की."

ज्योतीराम हसला. त्याने माझ्यावर त्या दिवशी लिहिले, पाहुणे एकवीस.

मित्रांनो, मी फळा आहे. लिहिलेले दाखवणे एवढेच माझ्या हाती असते. न लिहिलेले मला दाखवता येत नाही.

पुढच्या वर्षी पंचायतीला गावाच्या एका कामापुरते पैसे मंजूर झाले. दोन कामे पुढे आली. लेण्याच्या वाटेवर पाहुण्यांसाठी पत्र्याची शेड आणि दगडी बाक, नाही तर चावडीशेजारी दोन खोल्यांचा दवाखाना. खोल्या गावाने बांधून दिल्या तर नर्स कायमची राहील आणि डॉक्टर आठवड्यातून दोनदा येईल, असे ठरत होते. ज्योतीरामने दोन्ही माझ्यावर लिहिले आणि मधे रेघ मारली.

लिहून झाल्यावर तो खडू झटकत होता. मंजुळाबाई फडके पिळत होत्या.

"आपली रेघ दवाखान्याकडं वढा," त्या म्हणाल्या.

"बघू. आधी लोकं काय करत्यात ते बघू."

"लोकं तुमच्याकडं बघत्यात. अक्षर तुमचं हाय."

"पहिली रेघ आपली नसती, मंजुळा. उद्धवरावांची असती."

"त्येंच्या आधी त्येंच्या कानावर तरी घाला. मी काय चावडीवर येऊन बोलू व्हय?"

ज्योतीरामने मान हलवली. तो उद्धवरावांकडे गेला नाही. दुसरे कोणी जाईल असे त्याला वाटले. गावातल्या प्रत्येकालाच तसे वाटले, हे नंतर कळले.

उद्धवराव आले. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या. मागे उभ्या लोकांकडे एकदा पाहिले. कोणी काही बोलले नाही. त्यांनी शेडखाली रेघ ओढली. मग एकेक जण आला आणि शेडखाली रेघ ओढत गेला. ज्यांच्या घरात म्हातारी माणसे आजारी होती त्यांनीही ओढली. कौशल्याबाईंच्या नवऱ्याने, आबाजींनी, खडू हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि शेडखालीच रेघ ओढली. ज्योतीरामची रेघ त्यांच्या मागची.

शेवटी रहमतबी आल्या. त्या विधवा असल्याने त्यांच्या घरच्या कर्त्या त्याच होत्या. त्यांनी सरळ दवाखान्याखाली रेघ ओढली.

"रहमतबी, एकटीच पडलीस की," कोणी तरी मागून म्हणाले.

"मी बांगड्या भरते, दादा. घराघरात कुनाच्या हाताला ताप हाय, मला ठाऊक हाय. तुमच्या बी घरात हाय."

त्या माणसाने माझ्यावरच्या आपल्या रेघेकडे पाहिले. पण त्याने आपली रेघ पुसली नाही. सत्तावन्न घरे शेडकडे, एक घर दवाखान्याकडे.

शेड झाली. चांगली झाली. पत्रा हिरवा रंगवला, बाक घडीव दगडाचे केले. त्याच सुमारास ज्योतीरामने माझ्यावर लिहिले होते, की पिंपरीला इंजेक्शनच्या औषधाचा मोठा कारखाना सुरू झाला. गावातली दोन पोरे तिथे कामाला लागली. लोकांना त्याचाही अभिमान वाटला.

एका रविवारी पुण्याचे एक गृहस्थ माझ्यासमोर आले. त्यांच्या बायकोचा पाय लेण्याच्या पायरीवरून मुरगळला होता. पाय सुजला होता. त्यांनी चिमाजींना विचारले, "इथे दवाखाना कुठे आहे?"

"चाकणला. गाडी जुपावी लागंल."

"गावात नाही? एवढी छान शेड बांधलीत तुम्ही, आणि दवाखाना नाही?"

"शेड तुमच्यासाठी बांधली, सायेब," चिमाजी म्हणाले.

गृहस्थांनी शेडच्या दिशेने पाहिले. "आम्ही झाडाखालीही बसलो असतो," ते म्हणाले. त्या सोमवारी ज्योतीरामने ही बातमी लिहिली नाही. पाहुणे किती ते लिहिले.

मग पौष आला. मंजुळाबाईंना ताप आला आणि छातीत कफ धरला. पहिले तीन दिवस त्या मला पुसायला आल्या. खोकला आला की एका हाताने माझा खांब धरत. चौथ्या दिवशी त्या आल्या नाहीत. ज्योतीराम एकटा आला. त्याने मला कोरड्या फडक्याने पुसले, त्यामुळे माझ्यावर पांढरे पट्टे राहिले. काढा चालू आहे, उतार पडेल, असे तो लोकांना सांगत होता. सहाव्या दिवशी दुपारी त्याने कादरची गाडी बोलावली. चाकणचे डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवे होते, इंजेक्शन लगेच सुरू केले असते तर वाचल्या असत्या. पहाट व्हायच्या आधी त्या गेल्या. हे कादरने माझ्याजवळ उभे राहून चिमाजींना सांगितले.

गावात दवाखाना असता तर त्या पहिल्याच दिवशी चालत गेल्या असत्या. तो माझ्यापासून वीस पावलांवर झाला असता.

दहाव्यानंतर उद्धवराव चावडीवर आले. ज्योतीराम पायरीवर बसला होता. उद्धवराव त्याच्याशेजारी बसले.

"ज्योतीराम, एक इचारू? तुला दवाखानाच पायजे हुता का?"

"तिला पायजे हुता."

"मग मला बोलायचं न्हाई का रं? मला वाटलं गावाला शेड हवी हाय. तू दर सोमवारी पाव्हन्यांचं लिवायचास. मी ते वाचूनच रेघ वढली. मला कुनी एक शबुद बोललं असतं तर मी दवाखाना धरला असता."

ज्योतीरामने माझ्याकडे पाहिले. उद्धवराव उठून गेले. ते वाईट माणूस नाहीत. गावात वाईट माणूस कोणीच नव्हता. तेच मला सहन होत नाही. कोणी फसवले असते तर त्याला नाव ठेवता आले असते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तू सांगतात, की आम्हाला जपा, उन्हापावसात टाकू नका. मला ते सांगायचे नाही. गेली दिवाळी मला काळा न करताच गेली. माझ्या फळ्यांमध्ये फटी पडल्या आहेत आणि खडू उठत नाही. त्याचे मला काही वाटत नाही. मला एवढेच सांगायचे आहे, की तुमच्या घरातले माणूस 'हे लिहा' म्हणाले तर ते लिहा. दुसरा कोणी बोलेल म्हणून थांबू नका. तोही तुमच्यासाठीच थांबलेला असतो.

सांगून काही होईल असे मला वाटत नाही. मीही ते उशिरा शिकलो आणि शिकून माझ्या काही कामाला आले नाही.

ज्योतीराम अजून रोज येतो. पंचायतीचे म्हणणे आहे, की दवाखान्यासाठी नव्याने अर्ज करायचा तर गावाचा नवा ठराव लागेल, आणि ठरावासाठी प्रश्न पुन्हा माझ्यावर लिहावा लागेल. उद्धवरावांनी त्याला दोनदा सांगितले. ह्या वेळी मानाची रेघ दवाखान्याखाली ओढतो, असेही सांगितले. रहमतबी जाता-येता विचारतात, "लिवलं का, भाऊ?" तो खडू घेतो, माझ्यासमोर उभा राहतो, आणि कांद्याचा भाव लिहून घरी जातो. तो प्रश्न लिहिला तर त्याखाली त्याला स्वतःची रेघ ओढावी लागेल. सगळे गाव पाठीमागे उभे असेल, आणि ती रेघ आता ओढून काय उपयोग, हे त्या सगळ्यांना ठाऊक असेल.

ह्याला सव्वा वर्ष झाले. कौशल्याबाईंची सून पुन्हा गरोदर आहे. दवाखान्याचा प्रश्न अजून लिहिलेला नाही.