आठ सोनेरी, एक काळा

देवरे साहेबांची अक्कल त्यांच्या केबिनच्या ईशान्य कोपऱ्यात, काचेच्या टाकीत पोहत असते, असं चांगुणाबाईचं स्पष्ट मत होतं. आठ सोनेरी मासे आणि एक काळा. सोनेरी बरकत आणतात आणि साहेबांवर येणारं संकट काळा स्वतःच्या अंगावर घेतो, असं वास्तूवाल्यानं सांगितलेलं. दोन हजार दोन साल उजाडलं, टेबलावर कॉम्प्युटर आला, तरी हा पदवीधर बाप्या एका माशाच्या आडोशाला बसला होता.

चांगुणाबाई त्या ऑफिसात शिपाई. त्याआधी नऊ वर्षं तिनं नाशकातल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माशांच्या टाक्या घासल्या होत्या. मॅडम शिकवायच्या, पोरं पेंगायची आणि शिकायची ती हीच. म्हणून त्या सोमवारी खाणं टाकताना तिचा हात थांबला. काळ्याचे डोळे जातीचेच बटबटीत, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण ते नेहमीपेक्षा जास्त फुगले होते आणि दोन्हींवर दुधाळ पडदा आला होता. एकच डोळा सुजला तर मासा कुठे आपटला का ते बघायचं, दोन्ही सुजले तर आधी पाणी बघायचं, असं मॅडम सांगायच्या. इथे बघायची गरज नव्हती, वासच येत होता. पाण्याबरोबर लक्ष्मी जाते म्हणून साहेब ते बदलू देत नव्हते.

"साहेब, काळ्याचे डोळे बिघडलेत. वेगळा काढते, बरा होईल."

साहेबांचा चेहरा उजळला. एका प्लॉटची फाईल ऑफिसच्या कपाटातून गायब झाली होती आणि तिची चौकशी पंधरा दिवसांवर आली होती.

"हात लावू नकोस. माझ्यावरचं घेतोय तो. मेला की मी सुटलो."

गाढव साहेब तिनं पुष्कळ पाहिले होते. पण एका जिवाच्या मरणाची वाट बघत मजेत चहा पिणारा हा पहिलाच. तिला त्याची किळस आली.

साहेब घोटीला गेले त्या दिवशी तिनं काळ्याला बादलीत घेतलं आणि रेकॉर्ड रूममध्ये नेऊन ठेवलं. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून त्यातलं क्लोरीनचं औषध उडू द्यायचं, त्यात थोडं खडेमीठ विरघळवायचं, रोज पाणी बदलायचं. टाकीतलंही पाणी ती गुपचूप थोडं थोडं बदलत राहिली.

टाकीत काळा दिसेना तेव्हा साहेबांनी काही विचारलं नाही. मेलेल्याचं नाव काढायचं नसतं, असंही वास्तूवाल्यानं बजावलेलं होतं. त्यांनी वणीला जाऊन नारळ फोडला आणि सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. चांगुणाबाईनं पेढा खाल्ला आणि बादलीतलं पाणी बदलायला गेली.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. कपाटाची चावी माझ्याकडे असे, फाईल माझ्या हातून रद्दीत गेली, असं त्यात होतं. खाली चांगुणाबाईचं नाव आणि सहीला जागा.

"कर सही. तुला काय, समज देऊन सोडतील."

तिनं तो कागद दोनदा वाचला. मग रेकॉर्ड रूममधून बादली आणली आणि त्या कागदावरच ठेवली. आत काळा फिरत होता. सूज उतरली होती, डावा डोळा साफ झाला होता, उजव्यावर थोडा पडदा उरला होता.

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "हा जिवंत आहे?"

"हाय ना. पाणी घाण होतं म्हणून आजारी पडला, पाणी बदललं तर सुधारला. तुमचं काही त्यानं अंगावर घेतलं नव्हतं, साहेब. आणि मी बी घेणार नाय. चावी तुमच्या खिशात असते, ते उद्या सांगणारे मी."

साहेब बादलीत बघत राहिले.

"आधी सांगायचं ना," ते शेवटी म्हणाले, "पेढे वाटले मी."

चांगुणाबाईनं बादली उचलली. ओला कागद बुडाला चिकटून आला होता, तो तिनं दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि काळ्याला घरी घेऊन गेली.