अंतरपाटापलीकडचा ठिपका

आपल्याच आकाशगंगेत न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण नेमके कुठून निघतात, ते इंद्रायणी तीन वर्षं शोधत होती. आणि या शोधाचा पहिला नियम असा, की खऱ्या आकाशाकडे बघायचं नाही. बर्फात गाडलेल्या यंत्रानं टिपलेल्या कणांच्या वेळा आधी पत्त्यांसारख्या पिसायच्या, म्हणजे दिशा चुकतात. त्या खोट्या आकाशावर आपली पद्धत घासूनपुसून घ्यायची. मनासारखं दिसेपर्यंत फेरफार करत राहायचा मोह कुणालाही होतो, शास्त्रज्ञांना जरा जास्तच. म्हणून हा अंतरपाट. प्रयोगाच्या समितीनं होकार दिला की तो एकदाच दूर होतो.

समिती शुक्रवारी बसणार होती. मंगळवारी दुपारी इंद्रायणीच्या स्क्रीनवर, आकाशगंगेच्या पट्ट्यात, एक लालभडक ठिपका उमटला. इतका देखणा ठिपका तिनं कधी पाहिला नव्हता. मग तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. शफल: ऑफ.

वेळा पिसलेल्याच नव्हत्या. म्हणजे हे खरं आकाश! कबूल केलं तर पद्धत बाद, तीन वर्षं पाण्यात, आणि फेलोशिप मार्चपर्यंतच. चित्र पुसून गप्प बसलं तर? शुक्रवारी चकित झाल्याचा चेहरा करायचा, बस्स. तिनं मोबाइलच्या काळ्या काचेत तो करून पाहिला. छान जमत होता, हीच तर भीती होती.

तेवढ्यात तोच मोबाइल वाजला. चंडीमंदिर छावणीतून बाबा, म्हणजे कर्नल शांताराम.

"काय इंदू, सापडलं का?"

"अजून नाही, बाबा."

"तीन वर्षं झाली! आमच्या युनिटची जीप चार दिवसांत सापडली होती."

"कुठे?"

"मेसच्या मागे. पण सापडली ना!"

फोन ठेवून ती तडक तिच्या गाइडकडे, ग्रेवाल सरांकडे गेली.

"सर, मैंने असली आकाश देख लिया."

सर चहा ओतत होते. त्यांनी फाइल मागवली, चष्मा चढवला आणि इतका वेळ पाहिली की चहावर साय धरली.

"शफल ऑन रखो या ऑफ, बेटा, क्या फरक? स्टूडेंट को मैं पहले से शफल की हुई फाइल ही देता हूँ. असली तो मेरे पास है."

"तो वो धब्बा?"

"इत्तफाक. हजार में एकाध निकल आता है." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "फाइल पर रन का टाइम दो दस है. अभी तीन बजे हैं. बीच में क्या सोच रही थीं?"

"पापा का फोन था, सर."

तीन वर्षं वाचली, ठिपका गेला. जागेवर येऊन तिनं शफल ऑन केलं. फरक पडणार नव्हता, तरी दोनदा तपासलं. शुक्रवारी खरोखरच काही दिसलं तर चेहरा कसा करायचा, ते मात्र आता काही केल्या आठवेना.