वाटणीत उरलेला क्रिकेटचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना क्रिकेटचा पत्ता आहे. पूर्वी च्युइंगमच्या पाकिटात खेळाडूचं चित्र असलेला पुठ्ठ्याचा पत्ता निघायचा ना, तोच. आज माझे दोन तुकडे आहेत आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

छापखान्यातून मी बोरी अरबच्या एका किराणा दुकानात आलो. फुलचंद आणि रामधन या भावांनी कापूस वेचण्याच्या मजुरीतून मला घेतलं. मुलं आम्हाला जमिनीवर ठेवून तळहाताने हाणायची. ज्याच्या फटक्याने पत्ता उलटला, तो जिंकला. त्या माराने माझे कोपरे मऊ पडले. एकदा एका पोराने मला पळवलं, तर या दोघांनी त्याचा दात पाडून मला परत आणलं. खरं सांगतो, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

मग तीस वर्षं लोखंडी पेटीत गेली. कुणी विचारलंही नाही.

यंदा घराची वाटणी निघाली. रामधनची मुलगी अंजू हिने आमच्या त्रेचाळीस पत्त्यांच्या गड्डीचं चित्र मोबाइलवरून यवतमाळच्या नीळकंठ यांना पाठवलं. ते जुन्या वस्तूंची किंमत ठरवतात. त्यांचा निरोप आला, गड्डी साठ हजारांपर्यंत जाईल, रविवारी प्रत्यक्ष बघून नक्की सांगतो.

तेवढा धीर कुणाला? शेत, बैल, भांडी निम्मी निम्मी झाली होती. आमचेही एकवीस इकडे, एकवीस तिकडे गेले. मी उरलो.

"हा माह्या मजुरीचा हाय," फुलचंद म्हणाला.

"अन् त्याच्यासाठी दात कोनं पाडला होता?" रामधनने मला हिसकावलं.

फुलचंदने बैलगाडीची उभारी, म्हणजे कडेचा उभा दांडा, उपसली आणि भावाच्या डोक्यात घातली. टाळू फुटली. रामधन पडता पडता त्याच्या मनगटाला असा चावला, की दात हाडाला लागले. रक्त माझ्यावरही उडालं. त्यांची आई लीलाबाई मध्ये पडली, तर धक्का लागून उंबऱ्यावर आपटली.

"मरसान रे लेकरायहो!" ती ओरडली.

वाटणीला पुंडलिकराव बसले होते. गावातले मोठे न्यायी गृहस्थ. सुतळीचा तोडासुद्धा मोजून दोघांना सारखा देणार. त्यांनी भावांना ओढून बाजूला केलं, बटव्यातून सुपारीचा अडकित्ता काढला आणि मला मधोमध कातरलं.

"घ्या, निम्मा निम्मा. आता कोनाले बोलाले जागा नाही."

माझ्या पोटातून लोखंड गेलं आणि जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या.

रविवारी नीळकंठ आले. डोक्याला सात टाके घातलेला रामधन एका खाटेवर होता, मनगट बांधलेला फुलचंद दुसऱ्या. माझे तुकडे जुळवून पाहताच नीळकंठांनी कपाळावर हात मारला.

"अहो, सगळी किंमत याच्यावरच होती. हा पत्ता फार कमी छापला गेला. बाकीचे बेचाळीस मिळून दोन-तीनशेचे."

तुकडे आपापल्या मुठीत घेऊन भाऊ पुन्हा एकमेकांवर उठले. लीलाबाई लंगडत मध्ये आली.

"साहेब, आता या दोघायची किंमत सांगा. एकत्र किती, अन् फाडल्यावर किती?"



मित्रांनो, जुन्या वस्तू कोरड्या जागी जपून ठेवा, असं मी सांगणार होतो. ते राहू द्या. वाटणीला बसाल, तेव्हा काय कापायचं नाही ते आधी ठरवा. फुलचंदने आपला तुकडा आईच्या पदरात टाकला आहे. दुसरा अजून रामधनच्या मुठीत आहे. त्याला कुणीतरी सांगा हो, मूठ उघड म्हणावं.