सेरेइमाच्या गायीचा कान

मी बिल्ले ठोकणारा एक जुना चिमटा आहे, मित्रांनो. फिजी बेटांवरच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात माझा मुक्काम असतो. नव्या वासराच्या कानात मी पिवळा बिल्ला ठोकतो आणि क्षय निघालेल्या जनावराच्या कानात लाल. लाल बिल्ल्याचे जनावर परत गोठ्यात येत नाही. म्हणून ते काम करताना मला अजूनही अपराध्यासारखे वाटते.

एकदा तपासनीस वाइसाले मला घेऊन नदीकाठच्या गावात गेला. रीतीप्रमाणे त्याने आधी कावा या गुंगी आणणाऱ्या पेयाची मुळे यजमानांपुढे ठेवली. टाळी वाजवून करवंटीभर कावा प्याला आणि मग सुई टोचून गुरांचा क्षय तपासायला निघाला. विधवा सेरेइमाच्या गोठ्यात मात्र गाय नव्हती. नवरा गेल्यानंतरच्या शंभराव्या रात्री गावजेवणात कापायला ती राखली होती. मृताच्या नावाच्या जनावराला सुई कशी टोचू द्यायची, म्हणून घरच्यांनी ती केळीत नेऊन बांधली होती. तोवर तिचे दूध घरात चालूच होते. नात अकेसा तर धारोष्णच प्यायची.

इतक्यात केळीतून हंबरणे ऐकू आले.

"वारा आहे," सेरेइमा म्हणाली.

"मावशी, तुमचा वारा दूध किती देतो?"

"आमच्या घरचा कावा प्यालास, आणि आमच्याच माणसाच्या ताटात हात घालतोस होय रे?"

वाइसालेने मान खाली घातली, तशी आजीला बिलगलेली अकेसा त्याला दिसली. "प्यालो म्हणूनच विचारतो. अकेसाच्या मानेला ही गाठ कधीपासून आहे?"

सेरेइमाने ती गाठ चाचपली. उठली आणि स्वतःच गाय सोडून घेऊन आली.

सुई टोचल्यावर तीन दिवसांनी गायीला क्षय निघाला. मी लाल बिल्ला ठोकला तेव्हा सेरेइमाने तिचे तोंड छातीशी धरले होते. गायीने कान झटकलासुद्धा नाही. माझे मन मला खात राहिले.

अकेसाच्या गाठीतही तोच रोग होता. दुधातून आलेला, पण वेळेवर सापडलेला. पुष्कळ दिवस गोळ्या घेऊन ती बरी झाली. शंभराव्या रात्री लोक मासे आणि अळकुड्या जेवले.

पुढच्या खेपेला वाइसाले कावा घेऊन बसू लागला, तर सेरेइमाने त्याला उठवले. "आधी माझी नवी कालवड बघ. कावा कुठं पळून जात नाही."

मित्रांनो, तपासनीस दारी आला तर जनावर लपवू नका. दूध उकळूनच प्या. आणि कधी लाल बिल्ल्याची गाय दिसली, तर क्षणभर तिच्या पाठीवरून हात फिरवा. तिचा काहीच गुन्हा नसतो. मला तर हातही नाहीत.