बहिऱ्यांचा ढोल

मी एक जुना ढोल आहे, आणि तोही बहिऱ्या मुलांच्या शाळेतला. हसलात ना? हसा खुशाल. हसणारे पुष्कळ पाहिलेत मी, मित्रांनो!

अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांमध्ये हार्लो क्रीक नावाचं गाव. तिथल्या वसतिशाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या प्रुएट मास्तरांनी मला घडवलं. मास्तर स्वतः जन्मापासून बहिरे. माझ्यावर टोला पडला की त्यांच्या छातीत धम्म व्हायचं आणि ते खूश होऊन मान डोलवायचे. सकाळी मुलांना मीच उठवायचो. जमीन थरथरली की पोरं पांघरुणं फेकून उभी राहायची.

शंभरेक वर्षांपूर्वी व्हिटकॉम्ब साहेब मुख्याध्यापक म्हणून आले. त्यांना हातांनी बोललेलं मुळीच खपायचं नाही. "माणसासारखं तोंडानं बोला!" म्हणायचे. वर्गात बोटं हलली की बोटांवर पट्टी. अहो, मुलांची भाषाच हातांची! मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा. आजही येतो.

अशात शेजारगावच्या, ऐकू येणाऱ्या मुलांशी फुटबॉलचा सामना ठरला, अमेरिकी फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा. साहेबांनी मास्तरांना कागदावर लिहून बजावलं, "मैदानात एकाचाही हात बोलला, तर तुमची नोकरी गेली."

आता आली का पंचाईत! डाव सुरू करायची खूण कप्तान बोटांनीच द्यायचा. कप्तान एझ्रा टीगनं सुतारशाळेत रागानं हात नाचवले, "मग काय ह्या मिशाळ्या साहेबासाठी कान हलवू?"

मास्तरांची बोटं हसत म्हणाली, "हात बंद केलेत रे, ढोल कुठं बंद केलाय?"

मला मैदानाकडे नेताना पाहून साहेब पोट धरून हसले. "बहिऱ्यांना ढोल! वाजवा, वाजवा!"

वाजवला मग. मास्तरांचा तिसरा टोला पडला की आमची अकरा पोरं एकदम सुटायची. पाहुण्यांना कळेना, हा धिंगाणा कसला. कळेपर्यंत आम्ही तीनदा त्यांच्या रेषेपलीकडे चेंडू नेला होता. जिंकलो!

साहेबांच्या मिशा फुलल्या. सगळ्या पालकांसमोर एझ्राला पुढे ओढून म्हणाले, "सांग बाळ, तोंडानं सांग, कसे जिंकलात?"

एझ्रानं ओठ घट्ट मिटले. हात उचलावे, तर मास्तरांची नोकरी जाणार. तो मास्तरांकडे बघत राहिला.

मास्तरांनी माझी काठी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत स्वतःच हात उचलले. "बोल पोरा. नोकरी माझी आहे, हात तुझे आहेत."

एझ्राचे हात बोलले, "आमच्या मास्तरांनी जिंकवलं." लगेच बाकीच्या दहांचेही हात वर! बाकांवरच्या बहिऱ्या आईबापांनी पायाखालच्या फळ्यांवर पाय असे आपटले, की कुणी हात न लावता मी घुमलो.

सोमवारी मास्तरांना काढलं. हत्यारांची पेटी उचलून ते ताठ मानेनं गेले. साहेबांची पट्टी पुढं पुष्कळ वर्षं चालली, पण रात्रीच्या खोल्यांत पोरं हातांनी बोलतच राहिली, धाकट्यांना शिकवत राहिली. शेवटी ती भाषा वर्गात परत आलीच. आली नाही, पोरांनी आणली.

आता शाळेनं मला काचेच्या कपाटात ठेवलंय. बाहेर पाटी, "कृपया हात लावू नये." हात लावू नये? ह्या शाळेत? मित्रांनो, मला जपू नका. कातडं फाटलं तर नवं चढवा. पण ती काच काढा आणि मला बडवा!