दोघींचा एकच नंबर

आमच्या घरात बायकांचा फोन एकच. पुरुषांचे दोन, आमचा एक, आणि तोही माझ्या धाकट्या जावेकडे, पवित्राकडे असायचा. मला त्या काचेवर बोट फिरवायला जमत नाही. दाबावं एक आणि उघडतं भलतंच. माझ्या नवऱ्याला, देवाप्पाला, पीण्या भागातल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काम मिळालं म्हणून आम्ही निपाणीहून बेंगळुरूला आलो. मागाहून दीर नंदू आला. त्याचं लग्न मीच जमवलं. पवित्रा घरात आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. मी शिकवलं असं म्हणणार नाही. मी ओरडले आणि ती शिकली. मला मूलबाळ नाही. तिच्यावर ओरडण्यात माझी वर्षं फार सुखात गेली.

त्या फोनवर दर आठवड्याला एका बाईचा आवाज यायचा, चक्क मराठीत. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर कळला तर बरा होतो, तपासून घ्या, लाजू नका. दिवसभर कन्नड आणि हिंदी ऐकून कान किटलेले असायचे, म्हणून पवित्रा भाजी चिरताना तो आवाज मोठ्याने लावायची. बाई पुण्याची, बोलणं अगदी चोख. "घाबरू नका हं ताई," पवित्रा नाकातून नक्कल करायची आणि मी हसून बेजार व्हायचे. पुढे त्या आवाजाची मालकीण, शलाका, आमच्या गल्लीत शिबिर घेऊन आली. तिने तोंड उघडलं आणि आम्हा दोघींना हसू आवरेना. या बायका किती आनंदाने तपासणीला आल्यात, असं बिचारीला वाटलं.

दोघींनी एकाच दिवशी नमुने दिले. नंबर विचारला तेव्हा पवित्राने सांगितला, आणि मागोमाग मीही तोच सांगितला. दुसरा होता कुठे?

काही दिवसांनी निरोप आला. 'ताई, तुमच्या तपासणीत थोडी शंका आहे, पुढच्या तपासणीला नक्की या.' त्यात नाव नव्हतं. नवऱ्याने किंवा सासूने ऐकलं तर बाईला घरात नांदणं कठीण होईल, म्हणून शिबिरवाले नाव मुद्दाम घालत नसत. चांगल्या मनानेच केलेली गोष्ट. फोन पवित्राच्या हातात, आणि त्या दिवसांत तिच्या अंगावरून पांढरंही जात होतं. तिने दुसरं काय समजायचं?

तिने घरात कुणालाच सांगितलं नाही. शिबिरवाल्यांच्या दवाखान्यात गल्लीतल्या बायका भेटतील म्हणून ती एकटीच राजाजीनगरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी नव्याने तपासलं, सगळं स्वच्छ निघालं. त्या संध्याकाळी म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन आली आणि माझ्या गळ्यातच पडली. "अक्का, मी वाचलो!" मग सगळं सांगितलं. एकटी कशाला मेलीस तिकडे म्हणून मी आधी तिला शिव्या घातल्या, मग रडले, मग म्हैसूरपाक खाल्ला.

"शिबिरवाल्यांचा फोन पण आल्ता, दाखवलं का म्हणून," ती म्हणाली. "सांगून टाकलं, दाखवलंय, सगळं सरी हाय, बरं हाय."

"बरं केलंस," मी म्हटलं. त्या नंबरावर आपण दोन बायका आहोत, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

पाळी जायच्या वयात थोडं पुढंमागं होतंच, असं मी धरून चालले होते. थोड्याचं फार झालं, कंबर धरली, आणि एके दिवशी पीठ मळता मळता मी खाली बसले ती उठलेच नाही. मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर देवाप्पाशी हळू आवाजात बोलले, पण माझे कान अजून चांगले आहेत. आता बरं होणं नाही, दुखणं कमी करता येईल, एवढंच.

शलाका तिथे बायकांना मदत करायला यायची. तिने मला ओळखलं आणि आपल्या फोनात माझं नाव काढून बघितलं. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"अक्का, मागच्या वर्षी तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. आम्ही मेसेज पाठवला होता. नंतर कॉल केला, तर तुम्ही म्हणालात की दाखवलं, सगळं ठीक आहे."

"मी?" मी म्हटलं, आणि त्याच क्षणी मला सगळं समजलं. पवित्रा तेव्हा औषधांच्या रांगेत उभी होती. तिथून मान वळवून माझ्याकडेच बघत होती, मला पाणीबिणी हवंय का म्हणून.

मी शलाकाला थोडक्यात सांगितलं. ती रडायला लागली. "चूक आमची आहे. आधी विचारायला हवं होतं, हा फोन कोणाकोणाचा आहे. मी त्यांना समजावून सांगते, त्यांचा काही दोष नाही..."

"समजावून उपेग न्हाई," मी तिचा हात धरला. "तुमचं काय ते सुधारा. पर हिला ह्यातलं एक अक्षर सांगायचं न्हाई. इचारलं तर म्हणा, अक्काला तोंडी सांगितलं हुतं, तीच आली न्हाई."

"खोटं सांगू?"

"व्हय, खोटं."

मी मरणार हे ठरलेलं होतं. पण पवित्राला अजून चाळीसएक वर्षं जगायचं होतं, आणि हे कळल्यावर तिने कसं जगायचं? तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. दूध उतू गेलं तरी दोन दिवस तोंड पाडून बसणारी बाई ती.

आणि तिने विचारलंच. घरी आल्यावर, माझे पाय चेपता चेपता. "अक्का, आपुन एकाच दिशी तपासलं. मला निरोप आला. तुमास्नी कसा न्हाई आला?" तिचे हात थांबले होते.

"आल्ता की. शलाकाताई रस्त्यात भेटली, तिनं सांगितलं हुतं. मी गेलो न्हाई."

"का?"

"भ्या वाटलं."

मग ती जी सुटली, ते बापरे! लग्न होऊन आल्यापासून मी तिच्यावर जेवढी ओरडले, तेवढं सगळं तिने एका दमात फेडलं. आम्ही मेलो होतो का, विचारायला तोंड नव्हतं का, स्वतःच्या जिवाची एवढी स्वस्ताई? आयुष्यात पहिल्यांदा ती मला 'तू' म्हणाली. देवाप्पाही तेव्हापासून माझ्याशी तोडून बोलतो. रात्री एकटा बसून रडतो आणि सकाळी चहा आपटून ठेवतो. नवऱ्याचं हे वागणं मला फार लागलं. त्याला तरी सांगावं असं कितीदा मनात आलं, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

पवित्रा तेवढ्यावर थांबली नाही. शलाकाला गाठून म्हणाली, माझा आवाज घ्या आणि बायकांना पाठवा. पवित्रा बाहेर गेलेली बघून शलाका चोरून माझ्याकडे आली. "अक्का, हे मी कसं पाठवू?"

"पाठवा," मी म्हटलं.

काल तो निरोप आला. पवित्रा मला पेज भरवत होती. फोन वाजला, तिने दाबला, आणि तिचाच आवाज खोलीभर झाला. "माझ्या अक्काला बोलावलं हुतं. भिऊन ती गेली न्हाई. घरात आमी सगळी हुतो, कुणालाच सांगितलं न्हाई. आता लई उशीर झालाय. बायांनो, अक्कासारखं करू नका." निपाणीपर्यंत गेला तो. बहिणीने फोन करून मला वेड्यात काढलं. गल्लीतल्या ज्या बायका शिबिराच्या वेळी दार लावून बसल्या होत्या, त्या आज तपासणीला गेल्या म्हणे.

आवाज संपला तेव्हा पवित्राचा चमचा हातातच राहिला होता. राग कुठेच नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं डोळ्यांतून.

"एकदा तरी सांगायचं हुतंसा, अक्का. मी धरून न्हेलं असतं की तुमास्नी."

नेलंच असतं तिने. फरफटत नेलं असतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.