माधवीचं एका डागात थांबलं

मेघनाचा फोन आला तेव्हा मी भिगवणला माझ्या खानावळीच्या मागं चिलापी मासे साफ करत बसले होते. मेघना माझ्या धाकट्या भावाची, रविंद्रची बायको. दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, सुकन्याला आज दुपारी डाग द्यायला नेणार हायती. माझं कुणी ऐकंना. तुमी या."

सुकन्या त्यांची मुलगी, नऊ वर्षांची. झोपेत तिला लघवी होते, एवढाच तिचा गुन्हा. आणि डाग म्हणजे लालभडक तापवलेली सळई बेंबीखाली टेकवायची. घरात वायफाय, दारात बोलेरो, आणि पोरीला सळई! माझ्या डोक्यात तिडीक गेली. हात कसेबसे धुतले आणि मासे आणायची पिकअप काढून तासाभरात माहेरचं कळंब गाठलं.

घरापुढच्या तारेवर ओली गोधडी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी रस्त्याच्या बाजूला. पोरीनं ती स्वतःच वाळत घालायची, अशी आमच्या आईची शिस्त. पोरगी दाराशी उभी होती. ओठ सुकलेले. विचारलं तर म्हणाली, "दुपारपास्नं पाणी बंद करत्यात, आत्या. तरीबी व्हतं."

आई ओट्यावर बसली होती. मला बघून म्हणाली, "तू कशाला बोंबलत आलीस? तुझं न्हाय व्हय एका डागात थांबलं?"

हे वाक्य मी तेहतीस वर्षं ऐकतेय. गोजरबाईची माधवी, म्हणजे मी, एका डागात बरी झाली, हे वस्तीवरच्या प्रत्येक बाईला पाठ आहे. कुणाचं पोर अंथरुणात मुतायला लागलं की ती बाई आईला विचारायला येते, आणि आई छाती पुढं काढून माझं नाव सांगते. माझ्या नावावर दहाबारा पोरं तरी त्या सळईखाली गेली असतील.

आणि मी उभ्या जन्मात अंथरूण ओलं केलेलं नाही.

करायचा तो रविंद्र. तो आठ वर्षांचा, मी अकराची, दोघं एका गोधडीवर झोपायचो. सकाळी आई मुद्दाम मोठ्यानं ओरडायची, "माधवी मुतली!" पोराचं नाव खराब व्हायला नको ना! पोरगी काय, जाणारच परक्या घरी. पुढं शेजारणी आईच्या मागं लागल्या, एवढी घोडी झाली, डाग द्या तिला. मग खोटं निभवायला आईनं माझे हात धरले. रविंद्र दाराआडून बघत होता. डाग माझ्या पोटावर बसला आणि तो पुढं चार वर्षं मुतत राहिला. आई फक्त गोधडी मागच्या परसात वाळत घालायला लागली. वस्तीला वाटलं, थांबलं. मीही गप्प बसले. त्याचा राग मला आईपेक्षा माझाच जास्त येतो.

रविंद्र बोलेरोची किल्ली घेऊन बाहेर आला. "अक्का, तू मधी पडू नगं."

"पिकअपमदी बस. पोरीला घे. बारामतीला डॉक्टरकडं जायचं."

"डॉक्टर काय करणार हाय?"

"बसतो का वस्ती गोळा करू?"

तो बसला. अख्ख्या रस्त्यात पिकअपमध्ये मासळीचा वास.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी सुकन्याचं पोट दाबून बघितलं, लघवी तपासायला दिली, साखर बघितली. मग पोरीलाच विचारलं, "संडासला रोज होते?"

"चार दिसांनी. शाळंतल्या संडासाची किळस येती, म्हणून तितं पाणीच पीत न्हाय."

डॉक्टर रविंद्रकडं वळल्या. "पोटात मळ साठून कडक झालाय. त्याचा दाब लघवीच्या पिशवीवर येतो. त्यात हिची झोप गाढ, पिशवी भरल्याचं तिला कळत नाही. हिची यात काही चूक नाही. दिवसभर पाणी भरपूर पाजा, झोपायच्या आधी फक्त थोडं कमी. दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवा, झोपताना एकदा. पोट साफ व्हायचं औषध देते. त्यानं नाही भागलं तर ओलं झाल्यावर वाजणारा गजर मिळतो, गोळ्याही आहेत. हे बरं होतं. मारून, लाजवून मात्र होत नाही." मग पेन उचलून त्यांनी विचारलं, "घरात लहानपणी कुणाला होतं? पुष्कळदा आईवडिलांकडून येतं."

रविंद्रनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "हिला व्हतं," तो म्हणाला. "माझ्या बहिणीला. एका डागात थांबलं."

उठून त्याच्या कानफटात द्यावी असं वाटलं. हात वर गेलाही असता, पण सुकन्या मध्येच बोलली.

"आत्या, डाग लई दुखतो का गं?"

त्या पोरीशी मी खोटं बोलणार नव्हते. "लई दुखतो. मी किती वरडले ते तुझ्या बापाला इचार. दाराआड उभा व्हता."

पोरगी बापाकडं वळली. "पप्पा, तुमी का दाराआड व्हता?"

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. रविंद्रनं आता माझ्याकडं बघितलं. मी त्याला सोडवायला गेले नाही. आयुष्यभर सोडवलंच की.

"गोधडी माझी व्हती," तो म्हणाला. "मी मुतायचो. डाग अक्काला दिला."

डॉक्टरांनी कागदावर 'वडील' असं लिहिलं. सुकन्या बापाकडं बघत राहिली, मग हळूच त्याच्या खुर्चीला खेटून उभी राहिली. त्याला रडू फुटलं. मला नाही फुटलं. माझा राग तसूभरही कमी झाला नव्हता.

बाहेर आल्यावर मी पिकअपचं दार उघडलं. "आता हेच वस्तीवर जाऊन म्हणायचं. आईसमोर, आन जिनं जिनं माझं नाव ऐकून पोर सळईखाली धरलं तिच्यासमोर."

"आजच?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

"आजच. मला डाग दिला तवा कुणी उद्यावर ढकललं नव्हतं."